दुर्योधन उठेपर्यंत

“...मग कृष्णशिष्टाई काढूनच टाकली तर काय बिघडतं, आबा?”

विश्रामआबा पेटाऱ्यातून बाहुल्या काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण काढतंय?”

“आम्ही. आमच्या गेममधून.”

शर्वरी नाबर पुण्याहून आली होती. महाभारतावर मोबाईलचा गेम करणाऱ्या एका कंपनीत ती लेखिका होती. आबा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करत, बापापासून चालत आलेला. त्यांचा अभिमन्यू रणात पडतो तो प्रसंग पंचक्रोशीत नावाजलेला. तेवढा मोबाईलवर टिपून घ्यायचा आणि चारची गाडी पकडायची, असं ठरवून ती आली होती.

“आमच्या गेममध्ये दोन वाटा आहेत,” तिने समजावलं. “एक बोलणी, एक युद्ध. बोलणी मी लिहिली. दोन वर्षं लिहीत होते. पण शंभरातले सत्त्याण्णव जण थेट युद्धाचं बटण दाबतात.”

“आणि उरलेले तिघं?”

“त्यातल्या दोघांचं बोट चुकून पडतं.”

आबा मोठ्याने हसले.

“तुझं बरं आहे गो. एक तरी थांबतो. माझ्याकडे कृष्ण हस्तिनापुरात शिरला की सगळे उठून चहाला जातात. ढोलकी वाजली की पळत परत.”

“मग तुम्ही तरी का करता? गावात म्हणतात, म्हातारा शिष्टाई लांबवतो.”

“लांबवतो. खरंच आहे ते.”

“पण ती फसणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं!”

“मलाही ठाऊक असतं.”

ती थोडी वैतागली.

“सोमवारी मला ऑफिसात उत्तर द्यायचंय. काढा, असंच सांगणार आहे मी. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.”

आबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

एक बाहुली त्यांनी समोरच्या खुंटीला टांगली. हातभर उंचीची, पांगाऱ्याच्या लाकडाची. चेहरा कोवळा. कान मात्र चेहऱ्याच्या मानाने मोठे.

“हाच का अभिमन्यू?”

“हाच. माझ्या धाकट्या पोरानं कोरला. कान स्वतःचे दिले, लबाडानं.”

शर्वरीला हसू आलं. “कुठे असतात ते आता?”

“गेला तो. नऊ वर्षं झाली.”

...

“आबा, मला माहीत नव्हतं...”

“तुला कसं माहीत असणार?” त्यांनी बाहुलीच्या दोऱ्यांचा गुंता सावकाश सोडवला. “तू त्याचं पडणं टिपायला आलीस ना? सोपं आहे. साऱ्या दोऱ्या एकदम सोडायच्या. फळीवर आवाज होतो. लोकांना तो आवाज फार आवडतो.”

तिने मोबाईल फळीवर ठेवला.

“राहू दे, आबा. दुसरं काहीतरी दाखवा.”

“दाखवतो की. पण आधी शिष्टाई. क्रम मोडायचा नाही, आमच्यात चालत नाही ते. तू दुर्योधन धर.”

“मी? मला येत नाही.”

“दुर्योधनाला फारसं काही यावं लागत नाही. बसून राहायचं.”

“एरवी कोण धरतं?”

“धाकटा धरायचा. आता एका हातात कृष्ण, दुसऱ्या हातात हा. दोन्हीकडून मीच बोलतो.”

त्यांनी दोऱ्यांची काठी तिच्या हातात दिली. बोटं एकेक करून जागेवर लावली.

“या अंगठ्यात सगळं आहे. कृष्ण मागेल ते मागेल. तू नाही म्हणायचं. शेवटी अंगठा वर उचलायचा. दुर्योधन उठतो, पाठ फिरवतो. तो उठला की मी ढोलकीवर थाप मारतो आणि युद्ध सुरू.”

“आणि उठला नाही तर?”

“असं अजून झालेलं नाही.”

आबा समोर बसले. त्यांच्या हाताखाली कृष्ण दोन पावलं चालत आला आणि थांबला.

“राजा, अर्धं राज्य त्यांचं आहे. दे.”

“नाही,” शर्वरी म्हणाली.

“असं पुटपुटू नको गो. दुर्योधन आहेस तू.”

“नाही!”

“मग पाच गावं दे. पाच भाऊ आहेत, राहतील.”

“नाही!”

“बरं. एक गाव.”

“नाही.”

“एक घर दे, राजा. ओसरी असलेलं. पाऊसपाण्याला पाचही जण आत मावतील एवढं.”

हे तिने कुठे वाचलं नव्हतं. तिने आबांकडे पाहिलं. आबा तिच्याकडे बघत नव्हते. ते बाहुलीकडे बघत होते, आणि खरोखरच मागत होते.

“...नाही.”

“घरही नको. नुसतं बसून राहा, राजा. थोडा वेळ उठू नको. एवढंच मागतो.”

शर्वरीचं लक्ष खुंटीकडे गेलं. वाऱ्याने अभिमन्यू किंचित फिरला होता. आता त्याचा एकच कान दिसत होता.

तिने अंगठा उचलायला घेतला. घाईत भलतीच दोरी ओढली गेली. दुर्योधन उठला नाही. त्याची मान खाली वाकली.

“अगं बाय! दुर्योधन वाकला की!” आबा लहान मुलासारखे हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “चाळीस वर्षांत वाकला नव्हता मेला.”

“चुकलं, आबा. परत करते.”

“कर.”

तिने बोटं पुन्हा जागेवर आणली. या वेळी दोरी बरोबर होती. अंगठा दोरीखाली होता. नुसता उचलायचा होता...

फळीवर ठेवलेला मोबाईल थरथरू लागला. ऑफिसचा फोन होता. थरथरत थरथरत तो फळीच्या कडेपर्यंत सरकला आणि थांबला. काठी तिने दोन्ही हातांनी धरली होती; घ्यायला हात मोकळा नव्हता.

रस्त्यावरून चारची गाडी गेली.

आबांचा डावा हात ढोलकीवर होता. तो तसाच राहिला.

“गोष्ट अडकली, आबा.”

“अडकली खरी.”

“पुढे जायला नको?”

आबांनी खुंटीवरच्या अभिमन्यूकडे पाहिलं.

“तुझ्या हातात आहे ते.”

...

“किती वेळ अशी धरून ठेवायची?”

आबांनी ढोलकी हळूच उचलून पाठीमागे ठेवली, आणि तिच्या जवळ सरकून बसले.

“हात दुखला की सांग, बाय. मी धरीन.”