माती लागलेले पाय

फार पूर्वी, म्हणजे किती पूर्वी ते विचारू नका, कारण ज्याने मला ही गोष्ट सांगितली त्यालाही ते ठाऊक नव्हतं, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव चांगलं होतं. माणसं कष्टाळू होती आणि आपल्या म्हाताऱ्यांवर त्यांचा फार जीव होता. त्या जिवापायीच म्हातारी माणसं झिजून मरत होती, पण ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

झालं होतं असं, की त्या गावात एक रीत होती. माणूस साठीला आलं की चैत्री पौर्णिमेला त्याच्यासाठी नवी बाज विणायची. सगळं गाव माळावर जमायचं. मुलाने आईचे किंवा बापाचे पाय धुवायचे, पुसायचे आणि त्यांना उचलून बाजेवर बसवायचं. त्या दिवसापासून त्या पायांना माती लागू द्यायची नाही. जेवण बाजेवर, पाणी बाजेवर. कुठे न्यायचं असलं तर चौघांनी बाज उचलायची. "आमच्या म्हातारीने सहा वर्षांत जमिनीवर पाय टेकला नाही," असं मुलं छाती काढून सांगायची.

आणि मग काय व्हायचं? पहिल्या वर्षी पोटऱ्या सुकायच्या. दुसऱ्या वर्षी कंबर धरायची. तिसऱ्या वर्षी कूस बदलायलाही माणूस लागायचं. गाव म्हणायचं, वय झालं. बिचाऱ्या वयाच्या माथी खापर फोडलं की काम भागतं, तुम्हीही फोडता, मला माहीत आहे.

त्या गावात भिवरा नावाची बाई होती. तिचा बाप कड्यावरचा मध काढायचा. दोराला लोंबकळून मोहोळ उतरवणारा गडी, साठाव्या वर्षी सुद्धा धाप लागत नसे. रीतीप्रमाणे त्याला बाजेवर बसवलं. दोन वर्षांनी एकदा भिवरा गावातल्याच माहेरी भेटायला गेली, तर त्याला घराचा उंबरा ओलांडता येईना. तो तिचा हात धरून म्हणाला, "पोरी, म्हातारपण माझ्याकडे आलं नाही गं. मला उचलून त्यात बसवलं."

बाप गेला तेव्हा भिवरा पस्तीस वर्षांची होती. ती फार रडली, आणि रडून झाल्यावर तिला राग आला. तिने मनाशी ठरवलं की काहीही होवो, मी बाजेवर बसणार नाही.

पण तुम्ही म्हणाल, त्यात काय, साठाव्या वर्षी नाही म्हणायचं. नाही म्हणायला तोंड पुरतं, पण त्यापुढे उभं राहायला गुडघे लागतात. भिवराला हे कळलं होतं, कारण ती मुळात अशक्त होती. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला बघून कपाळाला हात लावला होता. डोंगरावर एक झरा होता आणि सगळ्या बायका तिथूनच पाणी आणायच्या. भिवरा अर्ध्या वाटेत घागर टेकवून बसायची. तिची शेजारीण ठकू तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, अंगाने दणकट. एकावर एक दोन घागरी घेऊन ठकू गाणं म्हणत उतरायची आणि भिवराचीही घागर काखेत मारायची.

नेमकी बाप गेला त्याच साली गावात विहीर खणली. दाराशी पाणी आलं. बायकांनी विहिरीला हळदकुंकू वाहिलं आणि डोंगराची वाट गवताने भरून गेली. त्या वाटेने जाणारी एकटी भिवरा उरली.

"अगं, विहीर दारात असताना डोंगरावर कशाला जातेस?" ठकूने विचारलं.

"पाण्यासाठी नाही जात. पायांसाठी जाते. तू पण चल."

"आत्ता गं कसली घाई? साठी यायला अजून चिक्कार वेळ आहे. तेव्हाचं तेव्हा बघू."

गावाला करमणूक झाली. पारावरचे लोक तिला पाहून म्हणायचे, "निघाली बघा, झऱ्याला पाणी पाजायला." भिवरा ऐकायची आणि चालायची. ती रोजच्या रोज गेली असं मी सांगणार नाही, खोटं कशाला बोलू? तापात गेली नाही, बाळंतपणात गेली नाही, कधी कधी नुसता कंटाळा आला म्हणूनही गेली नाही. पण कंटाळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघायची. रात्री भूक असेल तेवढंच जेवायची. जमिनीवर बसायची आणि हात न टेकता उठायची. दिवेलागणीनंतर लवकर अंथरुणाला पाठ टेकायची. आणि पहाटे निघाली की ठकूच्या कुंपणापाशी थांबून हाक मारायची, "ठके, येतेस का?"

"उद्यापासून," आतून उत्तर यायचं.

अशी तेवीस वर्षं गेली.

ठकू साठीची झाली, बाजेवर बसली. दोन वर्षांत तिचे पाय काडीसारखे झाले. मग भिवराची साठी आली. मुलाने हौसेने बाज विणली, चारी खुरांना गेरू लावला. पौर्णिमेला सकाळीच गाव माळावर जमलं. ठकूलाही तिच्या मुलांनी बाजेसकट आणून कडेला ठेवलं होतं. भिवराचा मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन आईसमोर बसला आणि त्याने तिच्या पायांना हात घातला. भिवराने पाय मागे घेतले.

"धुऊ नकोस रे. या पायांना अजून पुष्कळ माती लागायची आहे."

मुलाचं तोंड उतरलं. "आई, लोक काय म्हणतील? माझ्या आईला मी सुख देत नाही म्हणतील."

"लोकांनी माझ्या बापाला सुख दिलं होतं. मी बघितलंय ते."

माळावर कुजबुज सुरू झाली. गावचा पाटील पुढे आला. तो अठ्ठावन्न वर्षांचा होता, पोट सुटलेलं, उभं राहूनच त्याला घाम फुटला होता. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "भिवरावहिनी, रीत आहे ही. मानाने बसा. आपल्या गावात साठीची बाई पाणी वाहते असं बाहेर कळलं तर गावाची काय अब्रू राहील?"

"पाटील, ज्या मानाने माणूस पांगळं होतं तो मान मला नको."

"म्हणजे आमचे आईबाप आम्ही पांगळे केले?" पाटलाचा आवाज चढला.

"हो," भिवरा म्हणाली. "माझा बाप मीसुद्धा पांगळा केला. त्याची बाज मीही उचलली होती."

असं कुणी बोलेल हे माळावर कुणालाच वाटलं नव्हतं. पाटील चिडला. तो म्हणाला, "बरं तर. उन्हं डोक्यावर यायच्या आत झऱ्यावरून भरली घागर घेऊन या. वाटेत बसायचं नाही, टेकायचं नाही. जमलं तर तुमचे पाय तुमचे. नाही जमलं तर मुकाट्याने बाजेवर बसायचं, ते मरेपर्यंत."

मुलगा घाबरला. भिवराने घागर उचलली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि निघाली. गाव मान वर करून डोंगराकडे बघत राहिलं. तिचं लुगडं झाडीत दिसेनासं झालं, पुन्हा वरच्या वळणावर दिसलं. तिला घाई नव्हती. ती वाट तिने इतक्यांदा तुडवली होती की कुठला धोंडा हलतो तेही तिला पाठ होतं. उन्हं डोक्यावर यायला बराच अवकाश असताना ती माळावर परत आली आणि भरली घागर तिने पाटलाच्या पुढ्यात ठेवली.

पाटलाने घागरीत डोकावून बघितलं. हरलेला माणूस जे म्हणतो तेच तो म्हणाला. "वहिनी, तुमची हाडंच तशी. देवाने एखाद्याला जन्मतःच दणकट करून पाठवलेलं असतं. ते सगळ्यांना कसं लागू होईल?"

लोकांनी माना डोलावल्या. सगळ्यांना बरं वाटलं. कारण भिवरा जन्मतःच दणकट असली तर बाकीच्यांना काही करायला नको होतं.

तेव्हा कडेच्या बाजेवरून आवाज आला. "पाटील, दणकट मी होते."

सगळे वळले. ठकू बाजेच्या कडेला हात देऊन उठून बसायची धडपड करत होती.

"दोन घागरी घेऊन मी गाणं म्हणत उतरायचे. इथल्या म्हाताऱ्यांनी बघितलंय. ही भिवरा अर्ध्या वाटेत बसून धापा टाकायची, हिची घागर मी काखेत मारून आणलीय. देवाने हाडं दिली होती ती मला. हिने कमावली आणि मी बसून घालवली." "पंचवीस वर्षं ही रोज पहाटे मला हाक मारत होती. मी रोज उद्या म्हटलं."

ज्यांनी ठकूला घागरी नेताना पाहिलं होतं त्यांनी खाली बघितलं.

ठकू भिवराला म्हणाली, "मला खाली उतरव."

"मी नाही उतरवणार," भिवरा म्हणाली. "फार उतरवलं आणि फार उचललं तुला सगळ्यांनी. मी हात पुढे धरते. तू उतर."

ठकूने पाय खाली सोडले. दोन वर्षांनी त्यांना माती लागली. ती भिवराच्या हाताला धरून उभी राहिली, गुडघे लटलट कापले आणि दहा आकडे मोजायच्या आत ती परत बाजेवर बसली. पण ती उभी राहिली होती, आणि ते सगळ्या गावाने बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंपणापाशी हाक आली, "ठके, येतेस का?"

"आले," ठकू म्हणाली. त्या दिवशी ती दारापर्यंत गेली. महिन्याने अंगणापर्यंत. पावसाळ्यात दोनदा पडली, भिवराला शिव्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा निघाली.

वर्ष फिरलं. चैत्री पौर्णिमेला ठकू स्वतःच्या पायांनी माळावर आली. काठी टेकत आली, पण आली. भिवराने डोंगराकडे बोट केलं आणि विचारलं, "पुढे जायचं?"

ठकूने त्या वाटेकडे बघितलं. ज्या वाटेने ती गात उतरायची तीच ती वाट. मग ती म्हणाली, "नाही गं. माळ मला परत मिळाला. झरा मात्र गेला. तुझ्या पहिल्या हाकेला निघाले असते तर आज तुझ्या पुढे असते."

मग ती गावाकडे वळली. माळावर तिशीतल्या, पस्तिशीतल्या कितीतरी लेकीसुना उभ्या होत्या, मुलगे उभे होते. त्यांना ती म्हणाली, "माझ्याकडे बघून हसलात तरी चालेल. पण उद्या म्हणू नका."

त्या वर्षापासून गावाने रीत बदलली. बाज विणायची बंद झाली. माणूस पस्तिशीला आलं की चैत्री पौर्णिमेला त्याच्या हाती एक रिकामी घागर द्यायची आणि झऱ्याची वाट दाखवायची. त्या वाटेवरचं गवत पुन्हा मोडलं. पाटीलही जायचा, अर्ध्या वाटेत बसायचा आणि भिवरा वरून उतरताना दिसली की लगबगीने उठून चालायला लागायचा.

भिवराची बाज कधी वापरलीच गेली नाही असं मात्र नाही. मुलाने एवढ्या हौसेने विणलेली, ती फुकट कशी घालवायची? ती पुढची वीस-पंचवीस वर्षं अंगणात उन्हात टाकलेली असायची, आणि तिच्यावर भिवरा कुरडया वाळत घालायची.

तात्पर्य: म्हातारपणी ज्या पायांवर उभं राहायचं, ते पाय तरुणपणीच रोज थोडे थोडे कमवून ठेवावे लागतात.