येसूलाही न ओळखता आलेली खिरापत

अशक्य अट घालणारा राजा आणि ती अट त्याच्याच गळ्यात घालणारी मुलगी ही कथा अनेक रूपांत सांगितली जाते. ‘ना चालत ये, ना वाहनात बसून ये’ हे त्यांपैकी विशेष परिचित रूप. बहुतेक रूपांत नायिका एकटीच कोडे सोडवते. पुढील रूपात मात्र तिचे एकटेपण हीच खरी अडचण आहे.

धवलसेन राजाला आपल्या जिभेचा मोठा अभिमान होता. राज्यात दुष्काळ पडला तरी त्याला कळत नसे. आमटीत मेथीचा दाणा जास्त पडला की तत्काळ कळे. भोंडल्याच्या दिवसांत एकदा त्याने झाकलेली खिरापत दरबारात ठेवली आणि ती ओळखण्याचे आव्हान दिले. दरबाऱ्यांना राजापुढे हरण्याचा चांगला सराव होता. तांबटाची तरुण मुलगी येसू हिला तो नव्हता. तिने दारातूनच सांगितले, “दुधीची खीर. तळाला लागलीय.”

हसू दाबताना दरबाऱ्यांच्या पगड्या हलल्या. राजाने ते पाहिले.

“उद्या तू खिरापत आण,” तो म्हणाला. “तीत काय काय आहे ते मलाही सांगता येऊ नये आणि तुलाही. दोघांपैकी एकाने जरी ओळखली, तर आमच्या ताटातला पहिला घास जन्मभर तू खायचा.”

राजाला शत्रू पुष्कळ होते. हा पहिला घास आधी खाणारा नुकताच वारला होता.

स्वतः रांधावे, तर न ओळखणे अशक्य. दुसरीकडून करवावे, तर येसूचे नाक झाकण निघण्यापूर्वीच उत्तर देई. याच गुणामुळे गावच्या मुलींनी तिला फेरात बोलावणे सोडले होते. ती खिरापत क्षणात ओळखून खेळ संपवी आणि वर मीठ कमी असल्याचेही कळवी.

तरीही त्या संध्याकाळी ती फेरापाशी गेली. कासाराची ठकू म्हणाली, “आज काय चुकलं गं आमचं?”

“तुमचं नाही. माझंच अडलंय,” येसू म्हणाली आणि सारे सांगून बसली. त्या घासाची भीती वाटते, हेही तिने लपवले नाही. प्रत्येकीने घरातून मूठभर काहीतरी आणावे आणि कोणालाही न दाखवता एकाच पातेल्यात टाकावे, अशी तिची विनंती होती. मुलींनी आधी तिला मनसोक्त हसून घेतले. मग ठकूने अट घातली: येसूने पातेल्याकडे फिरकायचे नाही आणि चव सुधारायची नाही. येसूने मान्य केले. कोणीतरी, बहुधा जुन्या रागाने, हिंगाचा अख्खा खडा टाकला.

दुसऱ्या दिवशी राजाने घास घेतला. तो प्रथम चिंच म्हणाला, मग फणस, आणि डोळ्यांत पाणी आल्यावर काढा. दरबाऱ्यांनी तिन्ही उत्तरांना मान डोलावली. येसूने चाखले. पोहे, गूळ, तीळ, हिंग इथपर्यंत ती आली आणि थांबली; बाकीचे सारे त्या हिंगात बुडाले होते.

“नाही ओळखता येत, महाराज.” हे वाक्य तिच्या तोंडून गावाने प्रथमच ऐकले.

“मग ओळखणार कोण?”

“जिला तिला आपली मूठ तेवढी ठाऊक. सगळी खिरापत कळायची तर एकेकीला जाऊन विचारावं लागेल. मी गेले होते त्यांच्याकडे. महाराजांची पालखी कधी निघते?”

राजा हसला, हिंगाने ठसका लागला, तरी हसत राहिला. त्याने घासाची अट मागे घेतली, येसूला जरीचे लुगडे दिले आणि आणखी हवे ते मागायला सांगितले. तिने राजवाड्याचे अंगण मागितले. त्या संध्याकाळी तेथे पाटावर हत्ती काढला गेला, मुलींनी फेर धरला आणि ठकूने येसूचा हात ओढून तिला आत घेतले.