पत्रातला ‘येट’

“पण मास्तर, मग हा ‘येट’ जहाज कंपनीने घातलाच कशाला असता?”

प्राध्यापक जनार्दन बेंडखळ्यांनी पत्रातल्या शब्दावर बोट ठेवलं. घड्यांवर कागद विरत आला होता.

परकार मास्तर ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. वय ब्याऐंशी. दाभोळच्या शाळेत जनार्दनाकडून एबीसीडी त्यांनीच गिरवून घेतली होती. पुढे जनार्दनाने इंग्रजी व्याकरणावर दोन पुस्तकं लिहिली, आणि तेव्हापासून त्याने कुठल्याच शब्दाचा अर्थ कुणाला विचारला नव्हता. आजही तो विचारत नव्हता, पटवत होता.

“वाच.”

“युवर सन हॅज नॉट येट बीन फाउंड. तुमचा मुलगा अजून सापडलेला नाही.” त्याचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. “नकारात ‘येट’ आला की अपेक्षा असते, मास्तर. घडलं नाही, पण घडेल. आशा नसती तर नुसतं ‘सापडला नाही’ लिहून मोकळे झाले असते.”

“पत्र कधीचं?”

“मंदार जहाजावरून पडला त्याच आठवड्यातलं. अकरा महिने झाले.”

“त्यानंतर?”

“त्यानंतर... काही नाही.”

समोर खाडीला ओहोटी लागली होती. चिखल उघडा पडत होता.

“आई असून वत्सला म्हणते, दर्भाचा पुतळा करा, अग्नी द्या, पोराला मोकळं करा. दोन महिने एकच धोशा. मी तयार नाही. तुमचा शब्द ती मोडणार नाही, मास्तर. तिला अर्थ समजावून सांगा.”

मास्तरांनी पत्राकडे बोट दाखवलं.

“तो शब्द गाळून वाच एकदा.”

“युवर सन हॅज नॉट...”

जनार्दन थांबला. चष्मा पुसला. पुन्हा सुरुवात केली.

“हॅज नॉट...”

पस्तीस वर्षं वर्गात खणखणलेला आवाज तिथेच बसला. पुढचे दोन शब्द काही केल्या तोंडातून निघेनात.

मास्तरांनी हात पुढे केला. पत्र घेतलं, न वाचताच हलक्या हाताने त्याची घडी घातली.

“सूनबाईला इंग्रजी येतं?”

“नाही. अक्षरसुद्धा नाही. मी वाचत होतो तेव्हा ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.”

“म्हणून तिला पत्र कळलं, जना.”