थेआनोचा विस्तव

फार मागची गोष्ट. ग्रीक लोकांच्या मुलखात डोंगर समुद्रात पाय सोडून बसलेत, आणि त्यांच्या एकेका देवाचं काही ना काही ठरलेलं असे. थोरल्या देवाचा गरुड, अथेनाचं घुबड, समुद्राच्या पोसायडनचे डॉल्फिन मासे. हेस्तिया देवीला मात्र ना पाखरू ना जनावर. तिची नुसती चूल. गावाच्या मधोमध एक सामाईक चूल असायची, तेच तिचं देऊळ. ती कधी विझू द्यायची नाही.

अशाच एका गावात थेआनो नावाची म्हातारी ती चूल राखायची. तीन वर्षं पाऊस पडला नाही, तेव्हा अर्ध्या गावानं समुद्रापलीकडच्या ओसाड बेटावर वस्ती करायचं ठरवलं. रीत अशी, की नव्या गावाची चूल जुन्या चुलीच्या विस्तवावरच पेटायची. गारगोटीवर पाडलेला विस्तव चालायचा नाही, त्याला ना आई ना बाप. विस्तव पोचला नाही, तर गाव वसायचंच नाही.

थेआनोनं रानबडीशेपेचा वाळलेला दांडा घेतला. त्याचा गाभा भेंडासारखा मऊ, पोकळ असतो. आत निखारा ठेवला, की तो दिवसचे दिवस धुमसत राहतो, बाहेर धगही लागत नाही. दांडा उराशी धरून ती होडीत बसली.

पुढारी होता लाखेस. तो म्हणाला, "आजी, नातवाला तरी एवढं जपलंस का?"

"नातू रडून सांगायचा. हा मुकाट्यानं मरतो," थेआनो म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पाणी भरायला ते एका खडकाळ बेटावर उतरले. तिथं एकच झोपडं, शेळ्या राखणाऱ्या दामोनचं. अवकाळी पावसानं त्याची चूल विझली होती, अन् बायको त्याच पहाटे बाळंत झालेली. शेकायला विस्तव नव्हता. बाळ निळं पडत चाललं होतं.

लाखेस म्हणाला, "आजी, आपली चूल पेटायच्या आत लोकाला विस्तव दिला तर देवी रुसेल."

"ती चुलीत राहते, बाबा. ही चूल नाही तर काय आहे?"

असं म्हणून थेआनो वाकली आणि तिनं निखारा फोडून अर्धा दिला. बाळ रडलं, तेव्हाच ती उठली.

दुसऱ्या दिवशी एक लाट होडीवरून गेली. दांडा भिजला, विस्तव गेला. लाखेस म्हणाला, "रुसली बघ." थेआनोला तो शब्द फार लागला. माघारी घरी जावं, तर चार दिवसांची वाट आणि पीठ संपत आलेलं. ती पुष्कळ वेळ ओला दांडा चाचपत बसली. मग म्हणाली, "दामोनकडे चला. तिथं आहे तो आपलाच आहे."

पण धुकं असं दाटलं, की वल्ह्याचं टोक दिसेना. थेआनोनं आपल्या वाटणीची सातूची भाकरी पोसायडनच्या नावानं पाण्यात सोडली. असं म्हणतात, की पोसायडनचे डॉल्फिन वर आले आणि बैलगाडीपुढं बैल चालावेत तसे होडीपुढं चालू लागले. धुराचा वास आला, तेव्हाच ते बुडी मारून गेले.

दामोन काठावर उभा होता. "तुमचा विस्तव राखेत झाकून ठेवलाय, आजी. घरात कोणीतरी जागंच असतं आता."

दांडा भिजलेला, अन् त्या खडकाळ बेटावर दुसरा मिळायचा नाही. दामोनचं मडकं एकच, ते बाळंतिणीच्या पाण्याला लागत होतं. "राहू दे ते," थेआनो म्हणाली. तिनं ओंजळीत राख घेतली आणि त्या राखेवर निखारा ठेवला. नवं बेट येईपर्यंत दोन दिवस, दोन रात्री ती होडीत तशीच बसून राहिली. लाखेस तिला आपल्या हातानं भरवत होता. असं म्हणतात, की तिच्या हाताला फोडसुद्धा आला नाही. फक्त तळवे मरेपर्यंत ऊन राहिले, अन् थंडीत पोरं त्यांत हात घालून बसायची.

ते गाव वसलं. थेआनो गेली त्याला किती पिढ्या झाल्या, कोणाला ठाऊक नाही. पण अजून तिथं नव्या घरात चूल पेटली, की पहिला निखारा शेजाऱ्याला नेऊन देतात आणि आपली चूल आपल्याच हातानं विझवतात. मग घरची बाई राख घेतलेली ओंजळ पुढं करून शेजाऱ्याच्या दारात उभी राहते आणि म्हणते, "थेआनोचा विस्तव द्या."