आगबोटीचा दोर

कोंडसुऱ्याच्या भगवतीच्या देवळात, सभामंडपाच्या डाव्या भिंतीवर एक जुनं तैलचित्र आहे. चित्रात एक आगबोट आहे, उंच काळ्या धुराड्याची, दोन्ही कुशींना लाकडी चाकं असलेली. झोपेत कूस बदलता बदलता थांबावी तशी ती जराशी कलली आहे. तिच्या कठड्यावरून एक दोर निघतो आणि किनाऱ्यावरच्या खडकापर्यंत येतो. बोट इतकी नाजूक रंगवली आहे की खिळेसुद्धा मोजता येतात. दोर मात्र माझ्या मनगटाएवढा जाड आहे.

"या दोरानंच बुडेल हो ती," पुण्याहून आलेल्या एक बाई म्हणाल्या.

देवळाची किल्ली सांभाळणारे जिवाआबा तांडेल हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. मला या गावची सून होऊन बावीस दिवस झाले होते आणि नवरा सोमवारी जहाजावर रुजू होणार होता. सासूबाईंनी काळ्या रोगणाची वाटी आणि कुंचला देऊन मला पाठवलं होतं. कशाला, ते आबा सांगतील म्हणाल्या होत्या. मीही पाहुण्यांतच बसले.

आगबोटी नव्या होत्या तेव्हाची गोष्ट, आबा सांगू लागले. एका चैत्रात अशी एक बोट गावासमोरच्या वाळूच्या पट्टीवर चढली आणि तिथेच रुतली. तिच्या भट्टीत कोळसा घालायला याच गावचा धाकू होता. माघात लग्न करून तो कामावर परतला होता. त्याची बायको आवडू विहिरीवर गेली की नवऱ्यानं बोटच घरी आणली म्हणून बाया चिडवायच्या, "गो आवडू, तुझ्या घोवान आगबोट घराक हाडल्यान!" आवडू भरलेली घागर घेऊन चालू लागायची.

कप्तानाचा हुकूम होता की कामावरचा जो कोणी बोटीवरून उतरेल तो पळपुटा, आणि त्याला कैद. म्हणून घर समोर दिसत असूनही धाकू वरच राहिला. ओहोटी लागली की आवडू ओल्या वाळूवरून चालत बोटीखाली जायची. वरून धाकू दोर सोडायचा, ती त्याला भाकरीचं फडकं बांधायची, तो वर ओढून घ्यायचा. एवढाच त्यांचा संसार. पण असं सांगतात की त्या दिवसांत आवडूच्या भाकऱ्या फार मऊ व्हायच्या.

बोटीवर एक गोरा चितारी होता. बाकीचे उतारू पायवाटेनं निघून गेले, हा राहिला. त्याला कललेली बोट आवडली होती. ओहोटीला तिची चाकं तळापर्यंत उघडी पडत, तेव्हा तो देवळाच्या पायरीवर बसून रंगवी. भरती आली की तिथेच जेवून झोपे. अशी चित्रांवर चित्रं झाली, आणि प्रत्येकात बोटीखाली कोरडी वाळू.

दोन उधाणं येऊन गेली. बोट हलली नाही. गावानं भगवतीला कौल लावला, तर मूर्तीला लावलेली पाकळी ना उजवीकडे पडली ना डावीकडे. बोटीसारखीच चिकटून राहिली. तेव्हा आबांचे कोणी पूर्वज म्हणे चित्रांकडे बोट दाखवून म्हणाले, "हयसर पाणी खय हा? चित्रात पाणी नाय, मगे आगबोट हलतली कशी?"

साऱ्या गावाला ते पटलं. चिताऱ्याला सांगणार कोण? त्याची भाषा कोणाला येत नव्हती, आणि त्याच्या वस्तूला हात लावायची छाती नव्हती. वैशाखी अवसेचं उधाण शेवटचं. त्यानंतर मिरगाचं, पावसाळी वारं सुटलं की बोटीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या असत्या, आणि माणसंही.

आवडूला दोन्ही कळत होतं. बोट राहिली तर तो बुडणार. बोट सुटली तर तो जाणार, कोणत्या बंदराला ते देव जाणे.

अवसेच्या आदल्या दुपारी चितारी घोरत होता. आवडूनं त्याचा कुंचला उचलला आणि शेवटच्या चित्रातल्या वाळूवर निळं पाणी भरलं, बोटीच्या पोटापर्यंत. मग सगळ्यांत बारीक कुंचला घेऊन कठड्यापासून खडकापर्यंत एक दोर काढला, केसाएवढा. गाठ मात्र रंगवली नाही. दोर कठड्यावर नुसता टाकला.

चितारी उठला, बराच वेळ पाहत राहिला. रागावला नाही म्हणे. बाकीची चित्रं गुंडाळली आणि हे तिथेच ठेवून बोटीवर गेला.

दुसऱ्या दिवशी पाणी देवळाच्या पायरीला लागलं. बोट उठली, शिट्टी दिली, आणि धूर दिसेनासा होईपर्यंत गाव किनाऱ्यावर उभं होतं. आवडू घरी भाकऱ्या थापत होती. दोन थापल्या म्हणे, सवयीनं.

कार्तिकात एका सकाळी, ओहोटीला, धाकू ओल्या वाळूवरून चालत आला. समुद्रात एक होडी नाही, शीड नाही. लोकांनी विचारलं, "कसो इलंस रे?"

"दोर धरून," तो म्हणाला.

"आणि गाठ का नाही मारली तिनं?" पुण्याच्या बाईंनी विचारलं.

"तिनंच सांगून ठेवलंय," आबा म्हणाले. "गाठ मारली की बोट पुन्हा रुतते. दोर येणाऱ्यासाठी असतो."

आजही कोंडसुऱ्यात नवी सून आली की ओहोटीच्या वेळी ती या दोरावरून रोगणाचा एक हात फिरवते. पिढ्यान् पिढ्या फिरवून तो एवढा जाड झाला आहे. आबांनी मला स्टूल दिलं आणि ते मुद्दाम समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

मी खडकापासून सुरुवात केली. हात हळूहळू वर गेला, पाणी ओलांडून कठड्याला पोचला. कुंचल्यात रोगण उरलं होतं. एक वेढा सहज बसला असता. तेव्हा जवळून मला दिसलं की कठड्यापाशी, दोराच्या टोकाभोवती, बारीक काळ्या ठिपक्यांची दाटी आहे. इथवर येऊन किती जणींचे कुंचले थांबले होते, आणि थांबता थांबता टेकले होते.

गाठ एकीनंही मारलेली नाही. ठिपक्यांत एक आता माझा आहे.