कोतवालाच्या फांदीवरचं घरटं

फार जुन्या काळी एका रानात पारव्यांच्या दोन राया होत्या. पहाटे सगळे एकाच सूर्याला वंदन करत. एका राईतले पंख मिटून, दुसऱ्या राईतले पंख सोडून. साबिरा मिटल्या पंखांची, कुमैल सोडल्या पंखांचा. दोघांनी लग्न केलं आणि घरट्यासाठी जागा मागायला ते पक्षिराजाच्या कोतवालाकडे गेले.

"असल्या जोडप्यांना झाड मिळत नाही," कोतवाल म्हणाला. "वेगळे व्हा, लगेच फांदी देतो. रानात शांतता राहिली पाहिजे."

"आम्ही तर कधी भांडलो नाही," साबिरा म्हणाली. "मग शांतता मोडतंय कोण?"

कोतवालाने दोघांना माघारी धाडलं. शेवटी तिने उघड्या कातळावर अंडं घातलं आणि वाऱ्याने ते घरंगळून फुटलं. तेव्हा मात्र कोतवाल लगबगीने आला. "अंडं कुठल्या राईच्या रीतीने पुरायचं?"

साबिरा कडाडली. "जगायला जागा दिली नाहीत, आणि पुरताना पंथ विचारता?"

ती उडाली ती थेट कोतवालाच्या फांदीवर बसली. कुमैलने आणलेली काडी तिने तिथेच रोवली. "हाकला आता," ती म्हणाली, "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

कोतवालाने पंख उगारले. पण समोरच्या राईतून एक म्हातारी पारवी चोचीत काडी धरून त्याच फांदीकडे निघाली होती.