मुकिंदाने उपद्रवी काढला

सकाळचे नऊ वाजून सतरा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. सपाटवाडी नावाच्या गावात एक भोळा राखणदार होता. नाव मुकिंदा. गावच्या कोंडवाड्यात मोकाट गुरं राखायचं काम त्याच्याकडे होतं. चार वर्षांत एक शेळीसुद्धा आली नव्हती. तरी मुकिंदा रोज सकाळी जाऊन रिकाम्या कोंडवाड्याला कडी लावून यायचा. सांगितलेलं काम त्याने कधी चुकवलं नाही. तीच तर पंचाईत होती.

त्या दिवाळीत शाळेने मातीच्या किल्ल्यांऐवजी मोबाईलच्या खेळातल्या किल्ल्यांची स्पर्धा ठेवली होती. पोरं आपापल्या घरी आयांचे फोन घेऊन बसायची आणि सगळी एकाच मैदानात किल्ले बांधायची. ते मैदान होतं शाळेतल्या कॉम्प्युटरमध्ये. मोहोळकर सर त्याला सर्वर म्हणायचे. प्रत्येकाची आत एक बाहुली. ती विटा उचलायची, भिंती रचायची, आणि तिला बोलायचं असलं तर खाली अक्षरं उमटायची.

मुकिंदाची थोरली बहीण हौसा. तिची पोर रुंजी, नऊ वर्षांची. रुंजीने बारा दिवस खपून किल्ला बांधला होता. पोरीने जन्मात डोंगर पाहिला नव्हता. सपाटवाडीत उंच म्हणजे पाण्याची टाकी. ज्याचा पहिला नंबर येईल त्याला सर खराखुरा किल्ला दाखवायला नेणार होते. पाच वाजता तालुक्याच्या परीक्षकबाई स्वतःच्या फोनवरून आत येणार, हिंडून बघणार आणि नंबर देणार. तोवर किल्ला उभा राहिला पाहिजे. आणि दोन दिवसांपासून कुणी बाहेरचे टारगट आत शिरून किल्ले फोडत होते. हौसाची पोर दोन घास खाऊन उठत होती.

सरांना शौचालयं मोजायला जायचं होतं. मास्तरला सुट्टीत शिकवायचं नसतं, म्हणून त्याला काहीतरी मोजायला लावतात.

हौसाच म्हणाली, "सर, माझ्या भावाला बसवा. राखण त्याच्या रक्तात आहे."

सरांनी मुकिंदाला खुर्चीवर बसवलं. "हे बघ मुकिंदा. राखणदार एकच असतो. आता तो तू. इथे सगळ्यांची नावं दिसतात. लाल बटण दाबलं की तो बाहेर. हिरवं दाबलं की परत आत. जो भिंत फोडेल, त्याला बाहेर काढायचं."

"एवढंच ना?" मुकिंदा म्हणाला. "बसलं डोक्यात."

सर गेले. दहाच मिनिटांत एका पोराने आपल्याच किल्ल्याच्या भिंतीतून दोन विटा काढल्या. खिडकी करायची होती. मुकिंदाने लाल बटण दाबलं. दुसऱ्याने दरवाजासाठी चार विटा काढल्या. दाबलं. तिसरीने तोफेला भोक पाडलं. दाबलं. अकरा वाजेपर्यंत तेवीस पोरं बाहेर. शाळेच्या दारात तेवीस आया. एकीच्या हातात चकलीचा सोऱ्या तसाच होता.

"मुकिंदा, माझ्या लेकराला का काढलंस रे?"

"भिंत फोडली."

"अरे मेल्या, भिंत त्याचीच! दार ठेवत होता तो!"

"दार आधी ठेवायचं असतं," मुकिंदा म्हणाला. "मग भिंत."

सोऱ्या उगारला गेला, तेवढ्यात सर धावत आले. नऊ शौचालयं मोजून झाली होती. दहाव्यात माणूस होता. सरांनी तेवीस वेळा हिरवं बटण दाबलं आणि कपाळ पुसलं.

"अरे, आधी विचारावं माणसाने! भिंत कुणाची आहे? का फोडतोस? उत्तर पटलं तर राहू दे."

"एवढंच ना? बसलं डोक्यात."

आणि मुकिंदाच्या डोक्यात एक गोष्ट बसली की पहिली उठून जायची.

सर गेले आणि एक दांडगी बाहुली आत आली. नाव कर्दनकाळ. पाठीवर दारूचं पिंप. तिने पहिल्याच किल्ल्याला सुरुंग लावायला घेतला. मुकिंदाने एका बोटाने टिपून टिपून लिहिलं, "भिंत कुणाची?"

कर्दनकाळ म्हणाला, "माझ्या आजोबांची."

"का फोडता?"

"आजोबा आत अडकलेत."

मुकिंदाचा जीव कळवळला. "मग फोडा की लवकर! विचारता काय?"

धडाम झालं. आत कुणी नव्हतं.

"ह्यात नसतील," मुकिंदाने लिहिलं. "शेजारच्यात बघा. म्हातारं माणूस, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरतं."

एक वाजेपर्यंत अकरा किल्ले भुईसपाट झाले. रुंजीचा पार कोपऱ्यात होता म्हणून वाचला. अकरा आयांनी सरांना तेराव्या शौचालयातून ओढून आणलं. कर्दनकाळ तोवर पळाला होता.

"मुकिंदा! हे काय केलंस?"

"शोधतोय सर. अजून मिळाले नाहीत आजोबा."

सर भिंतीला टेकले. "बाबा रे, लबाड माणूस गोडच बोलतो. कुणी फार गोड बोलायला लागला, की समजायचं हाच तो. दाब लाल."

"एवढंच ना? बसलं डोक्यात."

हौसा घरी करंज्या तळत होती. एक डोळा कढईत, एक रुंजीच्या फोनवर. रुंजीला मामाची दया आली. तिने लिहिलं, "मामा, जेवलास का रे? डबा आणू?"

मुकिंदाने वाचलं. गोड आहे. दाबलं.

रुंजीने भोकाड पसरलं. हौसाची करंजी करपली.

इकडे कुणी "धन्यवाद" म्हणालं, गेलं. कुणी "राम राम" घातला, गेलं. तासाभराने कर्दनकाळ परत आला. आल्याआल्या म्हणाला, "ए रेड्या, बाजूला हो!"

मुकिंदा खूश झाला. "गोड बोलत नाही. माणूस खरा आहे. या, बसा."

आणि तीनला पाच मिनिटं असताना एक नवी बाहुली आत आली. "नमस्कार बाळांनो! अगं बाई, काय सुंदर किल्ले बांधलेत तुम्ही! गुणाची गं माझी लेकरं!"

एवढं गोड मुकिंदाने आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याने लाल बटण दोनदा दाबलं.

त्या परीक्षकबाई होत्या. जरा आधी डोकावल्या होत्या.

हौसा पदराला पीठ लागलेलं तशीच शाळेत आली. मागून सर आले. सरांनी बाईंना फोन लावून इतक्यांदा माफी मागितली, की शेवटी बाईच म्हणाल्या, "अहो, पुरे. येते मी पाचला." सगळ्यांची हिरवी बटणं दाबून झाली. कर्दनकाळ ह्याही खेपेला सटकला होता.

"सर, आता ह्याला उठवा," हौसा म्हणाली. "माझा भाऊ आहे, पण दगड आहे."

"कुणाला बसवू ताई? खालच्या वाडीतली सोळा राहिलीत माझी." सर मुकिंदाकडे वळले. "आता तू स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही. पोरं आपापल्या तक्रारी खाली लिहितात. त्या मोजायच्या. पाच वाजायच्या आत, ज्याच्या नावाने सगळ्यात जास्त तक्रारी, त्याला काढायचं. त्या एकालाच. मग तो कुणी का असेना. बाकी कुणाला हात लावायचा नाही."

"एवढंच ना?"

"बसलं ना डोक्यात?" सरांनीच विचारलं आणि निघून गेले.

हौसा मात्र हलली नाही. रुंजीला घेऊन ती मुकिंदाच्या मागेच उभी राहिली. मुकिंदाने एक कोळसा घेतला आणि शाळेच्या भिंतीवर रेघा मारायला लागला. एक तक्रार, एक रेघ. इकडे कर्दनकाळच्या, तिकडे दुसऱ्या कुणाच्या. हौसाने ह्या खेपेला त्याला टोकलं नाही. भाऊ मन लावून मोजतोय हे बघून तिला जरा बरं वाटलं.

पाचाला सहा मिनिटं कमी. परीक्षकबाईंची बाहुली आत आली. थेट रुंजीच्या किल्ल्याकडे निघाली.

"आई, बाई आल्या!" रुंजीने हौसाचा हात करकचून धरला.

"बघ गं, बघ. बुरूज बघतायत."

तेवढ्यात किल्ल्याच्या मागच्या बाजूने कर्दनकाळ आला. पाठीवर पिंप. त्याने तटाला सुरुंग लावायला सुरुवात केली.

"मुकिंदा! अरे तो बघ! काढ त्याला!"

"थांब आक्का. मोजतोय."

"अरे मोजतोस काय, किल्ला जातोय पोरीचा!"

"सरांनी सांगितलंय. डोकं चालवायचं नाही." मुकिंदाने भिंतीवरच्या रेघांवरून बोट फिरवलं. "कर्दनकाळच्या सत्तावीस."

"झालं तर मग!"

"पण दुसऱ्या एकाच्या त्रेचाळीस आहेत."

हौसाने भिंतीकडे वळून बघितलं. "म्हणजे ह्याच्याहून वाईट कुणी आत आहे?"

"आहे," मुकिंदा गंभीर झाला. "सकाळपासून आहे. मला तर बरा माणूस वाटला होता."

बाईंच्या बाहुलीने रुंजीच्या दरवाजात एक पाय ठेवला. मागे कर्दनकाळने वात काढली.

"मग दाब की त्या मुडद्याला! कुणाचा मुलाहिजा धरतोस?"

"कुणी का असेना ना आक्का?"

"कुणी का असेना! दाब!"

मुकिंदाने डोळे मिटले आणि लाल बटण दाबलं.

पडदा काळा झाला. रुंजीच्या हातातला फोन काळा झाला. गावातले सगळे फोन काळे झाले. मधोमध फक्त दोन शब्द उरले: राखणदार नाही.

"काढला?" हौसाने विचारलं.

"काढला."

"कोण होता रे?"

"मी."

सर खालच्या वाडीतून पळत आले. त्यांनी सगळी बटणं दाबून बघितली. हिरवं बटण फक्त राखणदाराला दिसतं, आणि राखणदार बाहेर. सरांनी खेळ बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं. राखणदाराने आत येऊन अर्ज करावा.

रुंजी मुसमुसत म्हणाली, "मामा, माझा किल्ला?"

"शाबूत आहे!" मुकिंदा छाती काढून म्हणाला. "आता कुणाच्या बापाला फुटायचा नाही."

आणि ते खरंच होतं. किल्ला अजून उभा आहे. वात काढून कर्दनकाळ मागे उभा आहे. पुढे परीक्षकबाई उभ्या आहेत, एक पाय दरवाजात, एक बाहेर. आत गेल्याशिवाय नंबर देता येत नाही असं बाईंचं म्हणणं पडलं, म्हणून यंदा कुणाचाच नंबर आला नाही.

तर ऐकणाऱ्यांनो, हा खेळ बनवणारी माणसं कुठे राहतात ते सपाटवाडीत कुणाला ठाऊक नाही. तुम्ही तुमच्या ओळखीच्याला सांगा, त्याने त्याच्या ओळखीच्याला सांगावं, म्हणजे कधी ना कधी त्यांच्या कानावर जाईल. सांगायचं एवढंच, की सपाटवाडीचं दार एकदा उघडा, पोर वाट बघतेय. निरोप कुणाच्याही हाती द्या. मुकिंदाच्या तेवढा देऊ नका.